धगीचं शेवटचं प्रकरण

कृष्णात मूळचा लग्नपत्रिका छापणारा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात त्याचा हेतू वाईट नव्हता. सवय वाईट होती. पंचवीस वर्षं ज्याच्या प्रेसमधून निघालेल्या प्रत्येक कागदाच्या शेवटी लग्न लागलं, त्याच्या हातात कुणी कादंबरी दिली तर तो दुसरं काय करणार.

त्याचा प्रेस शाहूपुरीत. निवृत्त झाल्यापासून मी तिथं मुद्रितं तपासायला जातो. पत्रिकेत तपासण्यासारखं फार नसतं. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं आणि कुणाचं नाव राहिलं नाही ना ते बघायचं. एखाद्या चुलत्याचं नाव राहिलं तर लग्न लागतं, पण चुलता पुढची वीस वर्षं जेवायला येत नाही. पुढं पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या आणि कृष्णातनं पुस्तकं छापायचं ठरवलं. यंत्र तेच, कागद तोच, मीही तोच.

रुद्राणी त्याची पहिली लेखिका. हुपरीची. तिच्या घरात पैंजणं बनतात. नवरा महांतेश चांदीची तार ओढतो, सासू आक्का घुंगरं निवडते आणि रुद्राणी कड्या झाळते, म्हणजे गॅसच्या बारीक ज्योतीनं चांदीची दोन टोकं अशी जोडते की सांधा कुठं होता ते तिलाही सापडू नये. तिनं जोडलेली कडी परत आलेली नाही, असं हुपरीत सांगतात. ज्योत विझवली की ती मोबाइल उचलायची, मोबाइल ठेवला की ज्योत लावायची. अशा फटीफटींतून तिनं एका ॲपवर चाळीस प्रकरणांची कादंबरी लिहिली. नाव 'धगी'.

कादंबरीत एक राज्य आहे. तिथं माणसांची चार कुळं: आगीचं, पाण्याचं, वाऱ्याचं आणि मातीचं. आगकुळातल्यानं बोट नाचवलं की चूल पेटते, पाणकुळातल्यानं नुसती नजर टाकली की विहीर भरते. (पाणकुळातला एखादा आमच्या गल्लीत राहायला यावा, असं मला पहिल्या प्रकरणापासून वाटत होतं.) राज्याच्या मधोमध एक शिळा. अठराव्या वर्षी प्रत्येकानं तिच्यावर हात ठेवायचा, मनगटावर खूण उमटते. ज्या दोघांची खूण सारखी, त्यांची गाठ जन्माआधीच मारलेली. धगी आगकुळातली, ओघ पाणकुळातला, आणि दोघांची खूण सारखी निघते. आता आगीनं पाण्याला हात लावला तर वाफ होणार. त्यामुळं एकोणचाळीस प्रकरणं ते दोघं एकमेकांना हात लावू शकत नाहीत आणि वाचणाऱ्या पोरी जेवू शकत नाहीत.

चाळिसाव्या प्रकरणात धगीला कळतं की खूण शिळा उमटवतच नाही. शिळेचा राखणदार दगडाला आधी कसल्याशा चिकाचं बोट लावून ठेवतो, कुणाला कुणाच्या गळ्यात बांधायचं ते त्यानं ठरवलेलं असतं. धगी शिळा फोडते. मनगटावरची खूण स्वतःच्या आगीनं जाळून काढते. मग ओघासमोर उभी राहून म्हणते, "आता विचार."

संपलं. ओघ विचारतो का, ती काय म्हणते, काही नाही.

ॲपवर गहजब झाला. इचलकरंजीच्या एकीनं लिहिलं की तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. एकीनं रुद्राणीला शाप दिला, तोही चारी तत्त्वांच्या नावानं. कृष्णातनं कादंबरी वाचली नव्हती, पण हे सगळे अभिप्राय त्यानं मन लावून वाचले. पुस्तक छापायचं ठरल्यावर रुद्राणी आणि महांतेश प्रेसवर आले, तेव्हा महांतेशनं स्वतःहून आम्हाला सांगितलं, "आमची जोडी देवानंच लावल्या, पावणं. पाकळी अशी पडली, टप्कन. सगळं गाव बघत हुतं." रुद्राणी त्या वेळी चहाच्या ग्लासात बघत होती. कादंबरी कशी वाटली, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "तीन भाग वाचले. मग हिरो पवायला लागला आन मला झोप लागली."

एकोणचाळीस प्रकरणांची मुद्रितं रुद्राणीनं स्वतः बघितली. चाळिसाव्याबद्दल कृष्णात तिला फोनवर म्हणाला, "ताई, ते सेटिंगला हाय. तुम्ही निवांत ऱ्हावा."

ते सेटिंगला नव्हतं. ते कृष्णात लिहीत होता. दोन दिवसांत त्यानं नवं चाळिसावं प्रकरण लिहिलं. त्यात फुटलेली शिळा आपोआप सांधली जाते, खूण सोन्यासारखी चमकते, आणि धगी व ओघ यांचा विवाह थोरामोठ्यांच्या साक्षीनं, चारी कुळांच्या उपस्थितीत, यथासांग पार पडतो. आहेराचा उल्लेख तेवढा राहिला होता. धगी पापण्या झुकवून म्हणते, "नाथ, विधात्याच्या मनात होतं तेच झालं."

ते प्रकरण माझ्याकडं आलं. एकोणचाळीस प्रकरणं धगी ओघाला 'ए पाण्या' म्हणत होती. चाळिसाव्यात ती 'नाथ' म्हणाली. तिथं माझं लाल पेन थांबलं होतं, हे मी कबूल करतो. पण तेवढ्यात चहा आला. चहा झाल्यावर मी ऱ्हस्व-दीर्घ बघितलं आणि पानाखाली सही केली.

प्रकाशन एका शनिवारी दुपारी चार वाजता, स्टेशन रोडच्या एका हॉलात होतं. हुपरीहून तिघं एसटीनं आली. आक्का नव्या इरकलीत, महांतेश इस्त्रीच्या शर्टात. रुद्राणीच्या पिशवीत जुन्या फडक्यात गुंडाळलेली पत्रा कापायची कातर होती. कोल्हापूरला येतोच आहोत तर धार लावून घ्यावी म्हणून तिनं ती आणली होती आणि वाटेत लावूनही घेतली होती. चांदीच्या कामातली माणसं एका खेपेत दोन कामं करतात.

हॉलच्या दारातच शिवानी नावाच्या कॉलेजच्या पोरीनं रुद्राणीला मिठी मारली. तिनं पुस्तक तासाभरापूर्वी घेतलं होतं आणि रीतीप्रमाणं शेवट आधी वाचला होता.

"थँक्यू ताई. शेवट बदलला तुम्ही."

"कसला शेवट?"

"खूण खरी निघाली ना. मी रडले अक्षरशः."

रुद्राणीनं पुस्तकासाठी हात पुढं केला, पण तिला घाईघाईनं स्टेजवर नेण्यात आलं, शाल देण्यात आली आणि प्रमुख पाहुणे अमरसिंह बोलायला उभे राहिले. अमरसिंह एका दूध संस्थेचे चेअरमन. पुस्तक त्यांनीही वाचलं नव्हतं, पण मुखपृष्ठ बारकाईनं बघितलं होतं. ते म्हणाले, महाभूतं पाच असतात, ताईंनी चारच घेतली आहेत, आकाशतत्त्व पुढच्या भागात येईल अशी आपण आशा करू. टाळ्या पडल्या. नशिबावर बोलताना त्यांनी म्हशीचं एक उदाहरण दिलं. ते चांगलं होतं, पण लांबलं.

त्या लांबलेल्या वेळात रुद्राणीनं मांडीवर पुस्तक उघडलं. मी बाजूच्या टेबलाशी, पुस्तकांच्या गठ्ठ्यांपाशी बसलो होतो, तिथून ती मला स्पष्ट दिसत होती. ती कडी झाळावी तशी वाचत होती: मान खाली, श्वास धरलेला, डोळा एका ठिपक्यावर. तिनं पान उलटलं. दुसरं उलटलं. कुठल्या पानावर 'नाथ' आहे ते मला पाठ होतं. त्या पानावर ती थांबली आणि मी गठ्ठ्यातली पुस्तकं उगाच सरळ करायला लागलो.

अमरसिंह अजून म्हशीतून बाहेर आले नव्हते. रुद्राणी उठून माईकपाशी गेली.

"साहेब, बसा जरा," ती म्हणाली. ते बसले. चेअरमन झाल्यापासून त्यांना असं कुणी बसवलं नसावं.

"चाळिसावं प्रकरण कुणी लिवलंय?"

कृष्णात स्टेजच्या कडेला उभा होता. "ताई, ते आपण मागनं बोलू."

"मागनं न्हाय. माणसं पुढं बसल्यात. कुणी लिवलं?"

"लिवलं म्हंजे काय, जरा सावरलं. मूळ तुमचंच हाय की."

"नाथ माझं न्हाय. माझी धगी मरंल, पर नाथ म्हणायची न्हाय. हे छापायच्या आधी तपासलं कुणी?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"त्यात एकही चूक नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. आयुष्यात मी इतकं खरं आणि इतकं बावळट वाक्य दुसरं बोललेलो नाही.

"बाई बदलल्याली तुमास्नी दिसली न्हाय?"

"दिसली."

"मग?"

चहाचं मी सांगितलं नाही.

कृष्णातनं दुसरा माईक घेतला. त्याला आता लोकांचा पाठिंबा हवा होता आणि तो कुठं आहे हे त्याला ठाऊक होतं. "मंडळी, तुमीच सांगा. खूण खोटी म्हटल्यावर माणसानं धरायचं काय? ताई, तुमी रागानं लिवलं आसंल, पण लोकास्नी नशीब पायजे. आपल्यात देवाला कौल लावत्यात. देवाची पाकळी कवा खोटी पडती का?"

पहिल्या रांगेत आक्कानं मान हलवली. बरोबर आहे, अशा अर्थानं.

रुद्राणी तिच्याकडं बघत होती. माईकमधून तिचा श्वास ऐकू येत होता, फुंकर घातल्यासारखा.

"पडती," ती म्हणाली. "डाव्या पाकळीला गूळ लावला की उजवीच पडती."

हॉलात सगळ्यांना कौल माहीत होता. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यामुळं गुळाचं काम काय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"मी एकोणीस वर्षांची हुते," रुद्राणी म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "हितं कोल्हापुरात कालेजात नंबर लागला हुता माझा. त्यात हुपरीचं स्थळ आलं. अप्पा म्हणाले, देवाला इचारू. आमच्या गावच्या वीरभद्राला इचारलं. आमच्या गावात पाकळ्या लावायचा मान पावण्यांच्या सवाष्णीचा. पाकळ्या आक्कांनी लावल्या. उजवी पडली. अप्पांनी मला इचारलं न्हाय, ह्यांनी इचारलं न्हाय, कुणीच इचारलं न्हाय. देवानं सांगितल्यावर पोरीला काय इचारायचं? मी बी म्हटलं, देवाच्या मनात आसंल. अठरा वर्षं म्हटलं."

"रुद्राणी, खाली ये," आक्का जागेवरनं म्हणाली.

"गेल्या साली आक्कांनी मला हसत हसत सांगितलं. मी झाळायला बसले हुते. म्हणाल्या, डाव्या पाकळ्यांस्नी गुळाच्या पाण्याचं बोट लावलं हुतं मी. आन म्हणाल्या, साक्षीच्या येळंला बी तसंच जमवू, तू घोर करू नको. साक्षी माझी पोरगी. बारावीला हाय. त्या आठवड्यात मी चाळिसावं प्रकरण लिवलं. त्याच्या आधी माझ्या बी गोष्टीत खूण खरीच निघणार हुती."

आक्का उठली. ती घाबरलेली नव्हती, लाजलेली तर अजिबात नव्हती. "मग वाईट काय झालं? सांग की ह्या सगळ्यास्नी. तुझा हात बघितला हुता मी तुझ्या बाच्या घरात. तू जोडल्याली कडी उसवत न्हाय. असली सून देव आपणहून देतोय व्हय? देवाला जरा मदत केली. एकोणीस वर्षं संसार झाला का न्हाय?"

"झाला. कुणाच्या मर्जीनं झाला, ते इचारतीया मी."

"आक्का," महांतेश म्हणाला. आईला तोही आक्काच म्हणतो. "खरं हाय हे?"

"तू गप बस. तुझ्या भल्याचंच हुतं."

महांतेश गप बसला नाही आणि बोललाही नाही. तो उठला आणि हॉलच्या पार मागं जाऊन भिंतीला टेकला. एकोणीस वर्षं ज्या माणसानं टप्कन पडलेली पाकळी दिसेल त्या पाहुण्याला दाखवली होती, त्याच्याकडं आता त्या हॉलातला एकेक पाहुणा वळून बघत होता.

रुद्राणी स्टेजवरून उतरली आणि सरळ माझ्या टेबलाशी आली. खुर्ची ओढली. पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून कातर काढली.

"पुस्तकं हिकडं द्या," ती मला म्हणाली.

मी पहिलं दिलं. तिनं पुस्तक उलटं उघडलं, शेवटची दहा पानं चिमटीत धरली आणि शिवणीलगत कातर चालवली. नुकती धार लावलेली. चांदीचा पत्रा कापणाऱ्या हाताला कागद म्हणजे काय. पानं टेबलावर पडली. उरलेल्या पुस्तकावर तिनं सही केली.

"ज्यांनी पुस्तक घेतलंय त्यांनी लाईन लावा," ती म्हणाली. "हे प्रकरण ऱ्हायलं तर माझं नाव जाणार. नाव ऱ्हायलं तर प्रकरण जाणार. दोन्ही मिळायचं न्हाय."

"ताई, माझं पुस्तक हाय ते," कृष्णात धावत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मी छापलंय. बांधणी खराब व्हतीया."

"तुमचं पुस्तक आसंल तर त्यावर तुमचं नाव घाला. थोरामोठ्यांच्या साक्षीनं."

"मी तुमचं वाईट केलं का? तुमाला मोठं करायला बघितलं."

"हेच आक्का म्हणत्यात," रुद्राणी म्हणाली आणि पुढचं पुस्तक उघडलं. "आक्कांनी इचारलं न्हाय, तुमी बी इचारलं न्हाय. भलं करणाऱ्या माणसाला इचारायची येवढी भीती का वाटती?"

कृष्णातनं कापलेल्या पुस्तकाची शिवण बोटानं चाचपली. त्याला उत्तर माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

पहिले अमरसिंह आले, कारण फोटो व्हायचा होता. "नाव राहू द्या, प्रकरण काढा," ते म्हणाले. त्यांच्या मागोमाग रांग लागली. रागावलेल्या बाईच्या हातात कातर असेल तर माणसं शिस्तीत उभी राहतात, हे मला त्या दिवशी कळलं. एका गृहस्थांनी कुजबुजत विचारलं, की दोन्ही ठेवता येणार नाही का. तिनं त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, प्रकरण काढा.

कातर चालत होती. मी पुस्तकं पुढं सरकवत होतो आणि कापलेली पानं एकावर एक रचत होतो. तिचा राग प्रत्येक प्रतीबरोबर कमी होईल असं मला वाटलं होतं. तो तसाच राहिला, ज्योत बारीक केल्यावर निळी होते तसा.

शिवानीची पाळी आली. तिनं पुस्तक छातीशी धरलं होतं.

"ताई, माझं राहू दे ना. मला हाच शेवट पाहिजे."

"ऱ्हाऊ दे की. तुझं पुस्तक हाय." रुद्राणीनं ते घेतलं, मुखपृष्ठावर स्वतःच्या नावाच्या कडेला कातर लावली.

"थांबा, थांबा." शिवानीचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती. "पण खूण खोटी निघाली की सगळंच खोटं होतं. मग त्यांचं प्रेम कसलं?"

"ते मला बी कळंना झालंय."

"ओघ विचारतो का पण? तेवढं तरी सांगा."

"मला म्हाईत न्हाय."

"तुम्हीच लिहिलंय की."

"त्यानं अजून इचारलं न्हाय. मी काय लिवू?"

शिवानीनं तिच्याकडं बघितलं. मग मागं वळून भिंतीला टेकलेल्या महांतेशकडं बघितलं. पोरगी हुशार होती. "काढा प्रकरण," ती म्हणाली.

सही घेऊन ती मागं गेली तेव्हा महांतेशनं तिला थांबवलं. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं, कारण तोवर हॉलात दुसरं कुणी बोलत नव्हतं.

"पोरी, ते मूळचं चाळिसावं हाय का तुझ्याकडं?"

"मोबाइलवर आहे, काका."

तिनं मोबाइल दिला. महांतेशनं गठ्ठ्यावरचं एक पुस्तक उचललं आणि रांगेच्या शेवटी उभा राहून मोबाइलवर वाचायला लागला. तीन प्रकरणांवरून थेट चाळिसाव्यावर आलेला तो एकटाच वाचक असेल. रांग सरकायची, तो वाचत वाचत सरकायचा, आणि त्याच्या मागंही माणसं येऊन उभी राहिली. मधे त्यानं शिवानीला विचारलं, "ही शिळा म्हंजे काय?"

"कौल, काका."

"आन ह्यो राखणदार?"

शिवानीनं पुढं बघितलं. पहिल्या रांगेत आक्का एकटीच बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन, समोरच्या रिकाम्या स्टेजकडं बघत. महांतेशनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये मान घातली.

तो टेबलाशी आला तेव्हा रुद्राणीची मान खालीच होती. तिनं हात पुढं केला, पुस्तक घेतलं, पानं कापली.

"नाव काय घालू?"

"महांतेश."

तिनं वर बघितलं. मग खाली बघून नाव लिहिलं, सही केली आणि पुस्तक परत दिलं. तो हलला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. तार ओढताना येतो तसा नाही, वेगळा.

"रुद्राणी," तो म्हणाला, "तुला माझ्यासंगं ऱ्हायाचं हाय का?"

मी हातातलं पुस्तक तसंच धरून ठेवलं. आक्कानं मान वळवली. कृष्णात तेवढ्यातही आशेनं पुढं झुकला. त्याच्या दृष्टीनं आता लग्न लागणारच होतं.

रुद्राणीनं पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी राग म्हणेन, पण तो एकोणीस वर्षं उशिरा विचारल्याचा होता, न विचारल्याचा नव्हता. तेवढा फरक पडला होता.

"मागं लाईन हाय," ती म्हणाली. "बाजूला थांबा."

तो बाजूला थांबला. खिडकीजवळ, पुस्तक दोन्ही हातांत धरून. त्याला कुणी खुर्ची दिली नाही आणि त्यानं मागितली नाही. थोड्या वेळानं आक्का उठून त्याच्यापाशी गेली.

"काय म्हणाली?"

"थांबा म्हणाली."

"काय खूळ लागलंय तुमास्नी? देवानं कवाच सांगितलंय की."

"देवानं न्हाय सांगितलं. गूळ तू लावलास."

आक्कानं पदर सावरला. लेकानं तिला असं कधी ऐकवलं नसावं. "आन साक्षीचं काय मग?"

"साक्षीला इचारायचं."

"ती न्हाय म्हणाली तर?"

महांतेशनं विचार केला. त्याला हे सुचलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तर न्हाय," तो म्हणाला, आणि आपलंच वाक्य ऐकून स्वतःच जरा घाबरला.

साडेसहाला शेवटची प्रत झाली. रुद्राणीनं कातर पुसली, फडक्यात गुंडाळली. कापलेल्या पानांचा गठ्ठा तिनं माझ्या पुढ्यात सरकवला.

"हे तुमी ठेवा. एक बी चूक न्हाय म्हणालात न्हवं."

तो गठ्ठा माझ्या टेबलावर आहे. पत्रिका तपासताना मी तो समोर ठेवतो. कृष्णातनं दुसऱ्या आठवड्यात मूळचं प्रकरण छापायला घेतलं. आता तो मुद्रितं घेऊन स्वतः हुपरीला जातो. मी त्याला सांगितलं, फोन केला तरी चालेल. तो म्हणाला, नको, तिच्या फोनचं भ्या वाटतं.

त्या संध्याकाळी उरलेली पुस्तकं उचलून मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेलो. दुसरं काही करण्यासारखं मला उरलं नव्हतं. हुपरीची बस लागलेली होती. आक्का पुढच्या सीटवर जाऊन बसली, पदर तोंडाला लावून. रुद्राणी मधल्या सीटवर खिडकीशी बसली आणि कातरीची पिशवी तिनं शेजारच्या जागेवर ठेवली. महांतेश दांड्याला धरून उभा राहिला. मी खालून खिडकीतून पुस्तकं देत होतो.

"पिशवी उचलू का?" त्यानं विचारलं.

ती बाहेर बघत होती. माझ्याकडं नाही, माझ्या पलीकडं कुठंतरी.

कंडक्टरनं घंटा मारली, बस हलली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो उभाच होता आणि पिशवी सीटवरच होती.